लग्नाच्या अल्बममध्ये वसिष्ठ-अरुंधती

फोंड्यातला आमचा स्टुडिओ वडिलांनी काढला. लग्न, मुंज, पासपोर्ट फोटो हाच धंदा. पणजीला जुंता हाऊसच्या गच्चीवरच्या दुर्बिणीतून शनी पाहिला आणि मी नादाला लागलो. 130 मिलिमीटरची न्यूटोनियन, म्हणजे आरशाची दुर्बीण, घेतली ती निव्वळ हौसेपोटी. तिच्यातून कधी पैसे सुटतील असं घरात कोणालाच वाटलं नव्हतं, बायकोला तर नाहीच.

गोव्यातून तेजोमेघ टिपणं कठीण. किनाऱ्याचा झगमगाट आणि दमट हवा, दोन्ही आड येतात. जोडताऱ्यांना त्याचं फारसं काही नाही. ठळक जोड्या भर चांदण्यातही टिपता येतात, हवा तेवढी स्थिर हवी.

पद्धत सोपी, पण चिकाटीची. ग्रहांसाठी मिळतो तो 2.9 मायक्रॉन पिक्सेलचा छोटा कॅमेरा दुर्बिणीला लावायचा आणि व्हिडिओ घ्यायचा. एक फ्रेम सेकंदाचा शंभरावा भाग, अशा हजारो. त्यातल्या न थरथरलेल्या फ्रेम ऑटोस्टॅकर्ट हा संगणक प्रोग्राम निवडतो. आम्ही वरच्या पाच टक्केच ठेवून एकावर एक रचतो. तिप्पट बार्लो, म्हणजे प्रतिमा मोठी करणारं भिंग, लावली की अल्बिरिओ या जोडताऱ्याच्या दोन ताऱ्यांत, म्हणजे साधारण 35 आर्कसेकंदांत (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग), शंभरावर पिक्सेल मावतात. कॅस्टर या दुसऱ्या जोडीच्या साडेपाच आर्कसेकंदांत जेमतेम अठरा, तरी दोन पांढरे ठिपके स्वच्छ सुटे होतात. अल्बिरिओला एक्स्पोजर जरा जास्त झालं की मोठ्याचा केशरी रंग जळून पांढरा पडतो, आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्या केशरी-निळ्यासाठीच.

खरा धंदा मात्र अरुंधतीने दिला. लग्नात भटजी वधूवरांना ती दाखवतात. डिसेंबरात तिच्या शेजारचा वसिष्ठ मध्यरात्र उलटल्यावर उगवतो, त्यामुळे बोट मंडपाच्या कापडाकडेच जातं! म्हणून आम्ही मार्च-एप्रिलमध्ये ही जोडी टिपून ठेवतो, बार्लो काढून, कारण दोघांत सुमारे 12 आर्कमिनिटांचं (एक आर्कमिनिट म्हणजे 60 आर्कसेकंद) अंतर आहे. त्या फोटोत वसिष्ठही दुहेरी दिसतो, 14 आर्कसेकंदांवर त्याचा जोडीदार. अल्बमचं पहिलं पान आता त्याचंच. दुसरा तारा कोण, हे सासरची मंडळी हमखास विचारतात. उत्तर भाऊ देतो, मला हसू आवरत नाही.

जून ते सप्टेंबर दुर्बीण सिलिका जेल घालून पेटीत बंद. तेवढ्या वेळात, चवथीच्या आधी, अल्बमांची उधारी वसूल करत फिरतो.