वचन मिळालं, तरी दोर कापावेच लागले

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. शेजारच्या काकूही विचारतात आणि आमच्या चर्चच्या मंडळीतली तरुण मुलंही: "देवानं सगळं ठरवलंय असं मानता, मग शनिवारी परळला एवढी धावपळ कशाला?" काकू वर हसून म्हणतात, "असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी."

परळची धावपळ म्हणजे काही मोठं काम नव्हे. टाटा रुग्णालयाच्या आसपास फुटपाथवर गावाकडून आलेली पेशंटची माणसं राहतात. औषधोपचाराचं डॉक्टर बघतात, ही अडतात कागदांपाशी. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी आणखी १० टक्के सवलतीत ठेवायच्या असतात, हे कित्येकांच्या गावीही नसतं. मी अर्ज भरून देते, रांगेत उभी राहते.

आता उत्तर. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, २७ वा अध्याय काढा. कैदी म्हणून तारवातून, म्हणजे जहाजातून, रोमला निघालेला येशूचा प्रेषित पौल वादळात सापडलाय. कित्येक दिवस ना सूर्य दिसला, ना तारे. रात्री देवदूत सांगतो, तारू जाईल, पण माणूस एकही जाणार नाही. तारवात २७६ जण. वचन मिळालं, विषय संपला, असं मला वाटलं असतं. पण पुढं खलाशी नांगर टाकायच्या निमित्तानं लहान होडी पाण्यात सोडून पळायच्या बेतात असतात, तर हाच पौल शताधिपतीला, म्हणजे शिपायांच्या अधिकाऱ्याला, म्हणतो, हे तारवात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. पहाटे पौल सगळ्यांना बळंच जेवायला लावतो. चौदा दिवसांचा उपास होता. शेवटी पोहता येणारे पोहत, बाकीचे फळ्यांवरून, सगळे मेलितेच्या, म्हणजे आजच्या माल्टाच्या, किनाऱ्याला लागतात.

इथं मी बरीच वर्षं अडखळायची. वचन देवाचं, मग खलाशी पळाले म्हणून काय बिघडणार होतं? हळूहळू ध्यानात आलं की देवाच्या वचनात खलाशांचे हातही धरलेले होते आणि त्या फळ्याही.

म्हणून 'प्रयत्नांती परमेश्वर'ही मला पुरेसं वाटत नाही. त्यात परमेश्वर शेवटी येतो. फिलिप्पै शहरातल्या मंडळीला लिहिताना पौल म्हणतो की आपलं तारण, म्हणजे उद्धार, साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात घडवणारा देव आहे. तो आधीच कामाला लागलेला असतो. पंडिता रमाबाई याच मुंबईत १८८९ साली विधवांसाठी शारदा सदन काढून बसल्या, पुढं १८९६-९७ च्या दुष्काळात मुलींना आणायला स्वतः मध्य प्रांतात गेल्या. प्रार्थनेला बसण्यात त्या कुणाला हार गेल्या नसत्या, पण मुली आपोआप दाराशी येतील म्हणून थांबल्या नाहीत.

माझं मात्र एकदा चुकलं. परभणीच्या एका बाईंना म्हणाले, "प्रार्थना करते." केलीही, रोज रात्री. पण त्यांच्या उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपत होती, ते पाहिलंच नाही. नव्या दाखल्यासाठी त्यांना गावी जावं लागलं, आजारी नवऱ्याला दिराच्या भरवशावर फुटपाथवर ठेवून. मंडळीत कुणीतरी माझी समजूत घातली, "देवाची इच्छा." मला रागच आला. माझ्या आळसाला देवाचं नाव कशाला?

बाई परत आल्या त्या पहाटे मी दादरला फलाटावर होते. गाडी पाऊण तास उशिरा आली. तेवढ्यात प्रार्थना झाली, आणि बाहेरचं झेरॉक्सचं दुकान किती वाजता उघडतं तेही चहावाल्याला विचारून ठेवलं.