आमची वाटचाल: पोर्स, लग्नसराई आणि सोलापूरचं ऊन

आमचं पार्लर सुरू झालं २०१४ ला, जुळे सोलापुरात घराच्या पुढच्या खोलीत. सासऱ्यांनी त्यांचा दिवाण मागच्या खोलीत हलवला, जाऊबाईंनी हिशोबाची वही घेतली आणि मी थ्रेडिंगचा दोरा. वॅक्सिंग, क्लीनअप, कधीतरी फेशियल, एवढंच चालायचं. नवरीची कामं दोनेक वर्षांनी यायला लागली आणि त्यांच्याबरोबर एक मागणी आली जी आजपण रोज येते, मॅडम हे पोर्स तेवढे बंद करून द्या ना.

तर पोर्स, म्हणजे कातडीवरची बारीक छिद्रं, बंद होत नाहीत. त्यांना स्नायू नसतो, त्यामुळे वाफेनं ते उघडत नाहीत आणि बर्फानं मिटत पण नाहीत, वाफेनं आतला मळ मऊ होतो आणि बर्फानं कातडी थोडा वेळ ताणल्यासारखी वाटते बस. किती मोठे दिसणार ते बरंचसं आईवडलांकडून येतं, बाकी तेल किती सुटतं, आत काय अडकलंय, आणि वय आणि उन्हानं कातडी सैल झाली की तेच पोर्स लांबट दिसतात, गाल संत्र्याच्या सालीसारखा. उन्हाचं सोलापूरकरांना मी काय सांगणार, एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ आणि मुहूर्त नेमके तेव्हाच.

हे गिऱ्हाईकाच्या तोंडावर सांगायचं की नाही यावरून माझं आणि जाऊबाईंचं बरेच दिवस वाजत होतं. त्यांचं म्हणणं, आजूबाजूला सगळे पोर टाइटनिंग फेशियल विकतात, आपणच का नाही म्हणायचं. काही जणी खरंच उठून गेल्या. पण ज्या थांबल्या त्या बहिणींना, नणंदांना घेऊन आल्या, मग अक्कलकोट, मोहोळकडून फोन यायला लागले, आणि जाऊबाईंनी वहीत बघून विषय सोडून दिला.

आमचं नाव झालं ते खरं तर उन्हात टिकणाऱ्या बेसमुळे, म्हणजे मेकअपच्या खालच्या थरामुळे. लॉनवरचं लग्न, साडेबाराचा मुहूर्त, आणि व्हिडिओवाल्याचा लाइट बाजूनं पडला की प्रत्येक खड्ड्याची सावली दिसते. मोठ्या पोर्सवर जास्त मेकअप लावून झाकायला गेलात की तो आत जाऊन बसतो आणि दोन तासांत ठिपके ठिपके दिसतात. आम्ही उलटं करतो. प्रायमर, म्हणजे फाउंडेशनच्या आधी लावायचं क्रीम, सिलिकॉनचा, म्हणजे यादीत डायमेथिकोन वरच्या नावांत असलेला, वाटाण्याएवढाच, आणि तो चोळायचा नाही, नाकाच्या कडेला आणि गालाच्या मधल्या भागात बोटानं थोपटून दाबायचा म्हणजे खळगे भरून वरचा भाग सपाट दिसतो. पाच मिनिटं थांबायचं. मग फाउंडेशन पातळ, ओल्या स्पंजनं, आणि ते पाण्याच्या बेसचं असेल तर सिलिकॉनवर बऱ्याचदा फाटतं म्हणून दोन्ही ट्रायललाच एकत्र लावून बघतो. पावडर फक्त कपाळ, नाक, हनुवटीला, पफनं दाबून. चमकीचं हायलायटर पोर्सच्या जागेवर तर चुकूनही नाही. घाम आला की आधी टिश्यूनं टिपायचा आणि मगच पावडर, पण प्रत्येक लग्नात एक मावशी असतेच जी कॉम्पॅक्ट घेऊन नवरीच्या मागे फिरते आणि घामावरच थापते, तिला आम्ही आता आधीच गाठून समजावतो.

२०२० ला लॉकडाऊन लागला तो ऐन सीझनच्या तोंडावर. जूनच्या शेवटी पार्लर उघडायला परवानगी मिळाली पण केस आणि थ्रेडिंग-वॅक्सिंगपुरती, स्किनचं काम बंदच होतं. मग व्हॉट्सॲपवर फोटो मागवून नुसता सल्ला द्यायला लागले. तेव्हा कळलं लोक घरी काय काय करतात! लिंबू आणि खायचा सोडा एकत्र करून नाकावर, टूथपेस्ट, ब्लॅकहेडच्या पट्ट्या रोज. नाकावरचे राखाडी ठिपके बऱ्याचदा ब्लॅकहेड नसतातच, तेलाचे बारीक धागे असतात, ओढून काढले तरी काही आठवड्यांत परत भरतात. आणि काहींनी तर मेडिकलमधून गोरं व्हायची स्टेरॉइडची ट्यूब आणून महिनोन् महिने लावलेली, कातडी पातळ, लालभडक. अशांना मी हात लावत नाही, सरळ स्किनच्या डॉक्टरांकडे पाठवते.

त्या सल्ल्यातूनच आमचं लग्नाआधीचं पॅकेज तयार झालं. त्यात फेशियल कमी आणि घरी करायचं जास्त. सॅलिसिलिक ॲसिड २ टक्क्यांपर्यंतचं, ते तेलात विरघळतं म्हणून पोरच्या आत पोचतं, आठवड्यातून दोन-तीनदा. नायसिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचा प्रकार, ४-५ टक्के पुरे, १० च्या बाटलीमागे धावायची गरज नसते. सनस्क्रीन एसपीएफ ३० च्या वरचं, रोज. चालत असेल तर रात्री थोडं रेटिनॉल, म्हणजे अ जीवनसत्त्वाचं क्रीम, पण दिवस राहिलेले असतील किंवा लवकर तसा विचार असेल तर अजिबात नाही, आणि हे नवरीला विचारताना सासू शेजारीच बसलेली असते म्हणून जाऊबाई तिला चहाच्या निमित्तानं आत नेतात. मुलतानी मातीला माझी ना नाही, तेल ओढते, फक्त पूर्ण सुकून तडे जाईपर्यंत ठेवू नका.

मध्ये एक जण आमच्या नावाचं पोर क्रीम बनवून देतो म्हणून आला होता, डबीवर फोटो माझा, मार्जिन झक्कास. घटकांची यादी मागितली तर म्हणाला सीक्रेट फॉर्म्युला आहे. लायसन्सचं विचारलं तर विषय बदलला. जाऊबाईंनीच त्याला दार दाखवलं, मला बोलावंच लागलं नाही. आम्ही तयार ब्रँडचेच प्रॉडक्ट ठेवतो, आणि सल्ल्याची वेगळी फी घेतो, ज्यावरून अजून कुरकुर होते, बघायचे पण पैसे का म्हणून.

आता पार्लर होटगी रोडला आहे, दोन मुली कामाला आहेत, दोघी आमच्याकडेच शिकल्या. मेमधल्या नवरींनी फेब्रुवारीतच एकदा येऊन जा, आठ-दहा आठवडे मिळाले तर फरक फोटोत दिसतो, लग्नाच्या आदल्या आठवड्यात आलात तर मी नवीन काहीच लावणार नाही, फक्त बेस चांगला करून देईन. फोन सकाळी अकराच्या आत करा, नंतर उचलतात जाऊबाई आणि त्या तारीख देण्याआधी ॲडव्हान्स मागतात.