घरच्या गेम कन्सोलला आवाज जोडताना

रास्पबेरी पाय झीरो या तळहातावर मावणाऱ्या कॉम्प्युटर बोर्डाला हेडफोनचा जॅक नसतो. एचडीएमआयमधून आवाज निघतो, पण हातात धरून खेळायच्या कन्सोलला त्याचा उपयोग नाही. डिचोलीला भाच्यासाठी असा कन्सोल जोडत होतो. पडदा लागला, बटणं चालली, आणि त्याचा पहिला प्रश्न, "मामा, आवाज कुठाय?"

मॅक्स ९८३५७ए हा डिजिटल अँप्लिफायर सोपा पडला असता. पण तो बोर्डाच्या जोडणीच्या पिनांपैकी (जीपीआयओ) १८, १९ आणि २१ अडवतो, आणि माझ्या पडद्याचा बॅकलाइट १८ वरच होता. शिवाय मला अंगठ्याने फिरणारं व्हॉल्यूमचं चाक हवं होतं. म्हणून ऑडरीमॅप ओव्हरले, म्हणजे आवाज हव्या त्या पिनांवर वळवणारं सेटिंग, वापरून आवाज १२ आणि १३ वर काढला.

या पिनांवर येतो तो पीडब्ल्यूएम, म्हणजे फार वेगाने चालू-बंद होणारा ३.३ व्होल्टचा सिग्नल. त्यासाठी फिल्टर केला: प्रत्येक पिनेला २७० ओहमचा रेझिस्टर जोडला, त्यापुढे १५० ओहमचा रेझिस्टर आणि ३३ नॅनोफॅरडचा कपॅसिटर ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या सामाईक शून्य वायरीला. सिग्नल साधारण १.२ व्होल्टवर उतरतो. मग त्यातलं स्थिर व्होल्टेज (डीसी) अडवायला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. स्पीकर एकच, म्हणून डावा-उजवा १ किलोओहममधून एकत्र केला, तिथून १० किलोओहमचं व्हॉल्यूमचं चाक आणि पुढे पीएएम ८४०३ ही अँप्लिफायरची चिप.

आवाज आला, पण सोबत गुणगुण. म्हापशाच्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे नेला. त्यांनी आधी चाक शून्यावर नेलं. गुणगुण तशीच. "बाबा, ही चाकाच्या पुढची भानगड. फिल्टरला हात लावू नको." मग पडद्याचा उजेड कमी-जास्त करायला लावला, तसा गुणगुणीचा सूर बदलला! पडद्याचा करंट आणि अँप्लिफायरचा करंट एकाच बारीक ग्राउंड वायरीतून परतत होते. ही तपासणी मला अख्ख्या कामातली सर्वांत मोलाची वाटते. तिला मीटरही लागत नाही.

अँप्लिफायरच्या दोन्ही वायरी ५ व्होल्टच्या बूस्ट मॉड्यूलच्या (व्होल्टेज वाढवून देणाऱ्या छोट्या बोर्डाच्या) टोकांवरून थेट आणल्या, चाकाचं ग्राउंड अँप्लिफायरपाशीच टेकवलं आणि सप्लायवर ४७० मायक्रोफॅरड बसवला. गुणगुण गेली. कान लावला तरच बारीकशी सळसळ ऐकू येते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: पीएएम ८४०३ ची स्पीकरची उणे बाजू म्हणजे ग्राउंड नव्हे. ती ग्राउंडला जोडली तर चिप जाऊ शकते. हेडफोनच्या जॅकची सामाईक वायर ग्राउंडला असते, त्यामुळे जॅक द्यायचा असेल तर तो अँप्लिफायरच्या आधी जोडायचा.

स्पीकर नुसता भोकामागे चिकटवला तर आवाज पातळ येतो. घुमट या आमच्या गोव्याकडच्या मातीच्या वाद्याचा आवाज चामड्याइतकाच मडक्याच्या पोकळीचाही असतो, तसंच इथे. पाठीमागे छोटी बंद पेटी करून कडा गरम गोंदाने भरल्या. त्यानंतर भाच्याला चाक निम्म्यावर ठेवायला सांगावं लागलं.