कार्पच्या माळाखालचे चार मजले

कॅनडाची राजधानी ओटावाहून पश्चिमेकडे निघालं की ४१७ नंबरच्या हायवेवर १४४ क्रमांकाचा फाटा लागतो, कार्प रोडचा. शीतयुद्धात सरकारसाठी जमिनीखाली बांधलेला बंकर इकडे आहे. संसदेपासून इथवर पस्तीसेक किलोमीटर. शहरातल्या बसच्या भरवशावर इकडे येऊ नये. भाड्याची गाडी बरी. टॅक्सी केली तर परतीचीही तेव्हाच ठरवून टाकावी. तिकीट आधी ऑनलाइन काढून ठेवावं आणि भर उन्हाळ्यातसुद्धा एक स्वेटर बरोबर असावा. जमिनीखाली सूर्याचा काही संबंध नाही.

बाहेर बघण्यासारखं काही नाही. गवताचा उंचवटा, त्यातून वर आलेले हवेचे पाइप, अँटेना आणि एक पत्र्याची शेड. शेडमधून आत गेलं की समोर शंभर मीटरहून लांब बोगदा, पन्हाळी पत्र्याचा. आत शिरणारा माणूस साहजिकच बोगद्याच्या शेवटाकडे बघत चालतो आणि खरं दार चुकवतो. ते बाजूच्या भिंतीत आहे, बोगद्याशी काटकोनात. सगळी युक्ती या काटकोनात आहे. बोगदा मूळचा दोन्हीकडून उघडा ठेवलेला. बाहेर अणुबॉम्ब पडला तर दाबाची लाट एका तोंडातून शिरून दुसऱ्यातून निघून जाणार आणि पोलादी दारांना तिचा सरळ धक्का बसणार नाही. लाटेला अडवायचं नाही, वाट करून द्यायची. हा देश त्या काळात एकूणच कसा वागला, ते नंतर शहरात फिरताना बघितलं तर या दाराची आठवण होते.

१९५९ ते १९६१ या काळात हे बांधलं. कागदावर नाव होतं 'लष्कराचं प्रायोगिक सिग्नल केंद्र', म्हणजे संदेशवहनाचं. काम खरं वेगळंच: अणुयुद्ध झालं तर पंतप्रधान, मंत्री, सेनाधिकारी, टेलिफोन ऑपरेटर, स्वयंपाकी अशा ५३५ जणांनी ३० दिवस इथे राहून सरकार चालवायचं. चार मजले, सुमारे एक लाख चौरस फूट, ३२,००० घनयार्ड काँक्रीट, ५,००० टन पोलाद. पाच मेगाटनचा बॉम्ब १.८ किलोमीटरवर फुटला तरी टिकेल असा हिशेब. भोवती आणि खाली खडीचा जाड थर दिलाय, म्हणजे जमीन हादरली तर धक्का खडी खाईल. आतल्या खांबांची डोकी छत्रीसारखी पसरट आहेत, छताचा भार मोठ्या जागेवर वाटला जावा म्हणून. अल्मॉन्टजवळची पहिली जागा पाणी लागलं म्हणून सोडावी लागली होती. वेळ कमी होता, त्यामुळे कुठलं काम कुठल्या कामासाठी अडतं याचं जाळं आखून वेळापत्रक बसवलं. क्रिटिकल पाथची ही पद्धत कॅनडात तेव्हा अगदी नवी होती.

गुप्तता फार टिकली नाही. १९६१मध्ये टोरंटोच्या एका वर्तमानपत्रानं विमानातून फोटो काढले आणि तिथे येऊन पडलेलं नळकाम मोजून मथळा दिला: ७८ बाथरूम, आणि लष्कर अजून कबूल करत नाही. एका सिग्नल केंद्राला इतक्या मोऱ्या कशाला हव्यात, हा प्रश्न कोणालाही पडेल! तेव्हाचे पंतप्रधान जॉन डीफेनबेकर, त्यामुळे जागेला 'डीफेनबंकर' हे नाव चिकटलं. आज संग्रहालयाचंही तेच नाव आहे.

आत गेल्यावर आधी न्हाणी लागते. किरणोत्सारी धूळ घेऊन आलेल्यानं कपडे उतरवायचे, अंघोळ करायची, मापकानं तपासून घ्यायचं आणि मगच पुढे. झोपायच्या खोल्यांत पलंग माणसांपेक्षा कमी, कारण पाळ्या लावून झोपायचं: एक उठला की त्याच गादीवर दुसरा. पंतप्रधानांना मात्र स्वतंत्र खोली आहे. तीही बघताना साधीच वाटते, एखाद्या सरकारी विश्रामगृहासारखी. बायकामुलांना प्रवेश नव्हता. पत्नी ऑलिव्हशिवाय आपण येणार नाही असं डीफेनबेकर म्हणाल्याचं सांगतात. प्रत्यक्षात ते इथे कधी आलेच नाहीत. मंत्रिमंडळाची खोली, सीबीसी या सरकारी नभोवाणीचा आणीबाणी स्टुडिओ, सगळ्यात खाली बँक ऑफ कॅनडाची तिजोरी. देशाचं सोनं ठेवायला बांधलेल्या त्या तिजोरीत सोनं कधी आलं नाही. प्रक्षेपक मात्र इथे ठेवलेले नव्हते. मोठे रेडिओ प्रक्षेपक म्हणजे शत्रूला पत्ता देणं, म्हणून ते दूर पर्थ गावाजवळच्या वेगळ्या, छोट्या बंकरमध्ये.

आराखड्यातलं वैगुण्य दगडकामात नव्हतं, घड्याळात होतं. सोव्हिएत बाँबर उत्तर ध्रुवावरून येतील, रडारला काही तास आधी कळेल, तेवढ्यात मंत्री कार्पला पोचतील, हे गृहीत धरलेलं. बंकर पुरा होईपर्यंत आंतरखंडीय क्षेपणास्त्रं आली आणि तासांची मिनिटं झाली. मंत्र्याला ओटावातून गाडीनं इथे यायला लागणारा वेळ तेवढाच राहिला. तरीही तळ १९९४पर्यंत चालू होता.

इथे दोन तास तरी ठेवा. मग शहराच्या पूर्वेला रॉकक्लिफच्या विमान संग्रहालयात जावं. आपल्याला हवं ते तिथे एकच आहे, आणि तेही तुटकं: ॲव्ह्रो ॲरो विमानाचं नाक. कॅनडानं स्वतः आखलेलं स्वनातीत लढाऊ विमान. ४ ऑक्टोबर १९५७ला ते लोकांसमोर आणलं आणि त्याच दिवशी रशियानं स्पुटनिक सोडला. २० फेब्रुवारी १९५९ला प्रकल्प रद्द झाला, हजारो माणसं एका दिवसात बेकार झाली आणि तयार विमानं कापून भंगारात गेली. २०६ क्रमांकाच्या विमानाचं हे नाक आणि काही सुटे भाग तेवढे उरले. ॲरो वाचवायला हवं होतं असं कॅनडात अजून हळहळून बोलतात. ती हळहळ मला अर्धीच पटते. खर्च प्रचंड होता आणि परदेशी गिऱ्हाईक एकही नव्हतं. चूक पुढे झाली.

विमानाऐवजी अमेरिकी बोमार्क क्षेपणास्त्रं घेतली. ओंटारिओत नॉर्थ बे आणि क्वेबेकात ला माकाझा, प्रत्येकी २८. त्यांचं 'बी' रूप फक्त अण्वस्त्र वाहण्यासाठीच केलेलं. स्फोटकाग्राशिवाय, म्हणजे टोकावरच्या अणुबॉम्बशिवाय, ते म्हणजे महागडा पाइप. डीफेनबेकरांनी क्षेपणास्त्रं घेतली आणि स्फोटकाग्रं घ्यायची की नाही हे ठरवलंच नाही. परराष्ट्रमंत्री हॉवर्ड ग्रीन निःशस्त्रीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते, संरक्षणमंत्री डग्लस हार्कनेस बरोबर उलट. ऑक्टोबर १९६२मध्ये क्युबात सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडल्याच्या पेचात अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी २२ तारखेला भाषण केलं; डीफेनबेकरांनी सतर्कतेच्या हुकमाला २४पर्यंत वेळ लावला. तोवर हार्कनेसनी गाजावाजा न करता सैन्य तयारीला लावलंच होतं. जानेवारी १९६३मध्ये नाटोचे नुकतेच निवृत्त झालेले सेनापती नॉरस्टॅड ओटावात येऊन म्हणाले की कॅनडा शब्द पाळत नाही. महिनाअखेरीला वॉशिंग्टननं जाहीर पत्रकच काढलं. ४ फेब्रुवारीला हार्कनेसचा राजीनामा, ५ला सरकार पडलं. एप्रिलच्या निवडणुकीनंतर लेस्टर पिअर्सन पंतप्रधान झाले आणि ३१ डिसेंबर १९६३ला पहिली स्फोटकाग्रं नॉर्थ बेला आली. व्यवस्था दोन चाव्यांची: स्फोटकाग्रं अमेरिकेच्या ताब्यात, क्षेपणास्त्रं कॅनडाकडे, दोघांच्या होकाराशिवाय काही सुटायचं नाही. बोमार्क १९७२मध्ये गेली. कॅनडाच्या व्हूडू लढाऊ विमानांची अण्वस्त्रधारी जिनी रॉकेटं १९८४पर्यंत राहिली.

हेच पिअर्सन १९५७चे नोबेल शांतता पुरस्काराचे मानकरी. त्या पुरस्काराची गोष्ट समजून घ्यायला ससेक्स ड्राइव्हवर राष्ट्रीय कलादालनासमोरच्या शांतिसैनिक स्मारकाशी थांबावं. दोन पुरुष, एक स्त्री, खाली युद्धाचा राडारोडा. स्त्री सिग्नलर आहे, आणि तपशील म्हणून तो चोख आहे. सुएझच्या पेचात ब्रिटन, फ्रान्स आणि इस्रायल यांनी इजिप्तवर हल्ला केला, तेव्हा ४ नोव्हेंबर १९५६च्या पहाटे संयुक्त राष्ट्रांत तेव्हा परराष्ट्रमंत्री असलेल्या पिअर्सन यांचा ठराव ५७ विरुद्ध ० मतांनी मंजूर झाला. १९ देश तटस्थ. मध्ये उभं राहायला आंतरराष्ट्रीय फौज, सेनापती कॅनडाचे जनरल बर्न्स. कॅनडानं पायदळाची पलटण तयार ठेवली. तिचं नाव 'क्वीन्स ओन रायफल्स'. इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी हरकत घेतली: नाव राणीचं, गणवेश ब्रिटिशांसारखा, झेंड्याच्या कोपऱ्यात युनियन जॅक; आमच्या लोकांनी शत्रू आणि शांतिसैनिक ओळखायचे कसे? पलटण गेली नाही. कॅनडानं सिग्नल, रसद, वाहतूक आणि विमानं दिली, आणि फौजेला बंदुकांपेक्षा त्यांचीच जास्त गरज होती. पुढे मेपल पानाच्या नव्या झेंड्यासाठी पिअर्सन का अडून बसले, त्याचं एक कारण या हरकतीत आहे. तो झेंडा १५ फेब्रुवारी १९६५ला चढला. समोर संसदेच्या मनोऱ्यावर दिसतो तोच.

या फौजेत भारतही होता. १९६७मध्ये नासर यांनी फौज हटवायला सांगितली, कॅनडाला ४८ तासांत निघायला लावलं. ५ जूनला युद्ध पेटलं तेव्हा भारतीय जवान गाझातच होते आणि त्यातले काही मारले गेले. फौजेचे सेनापतीही तेव्हा भारतीयच, जनरल रिखये.

भारत आणि कॅनडा हे दोघे व्हिएतनाममध्येही एकाच टेबलावर बसले होते. १९५४च्या जिनिव्हा करारानंतरच्या देखरेख आयोगावर भारत अध्यक्ष, बरोबर पोलंड आणि कॅनडा. आपली अलिप्तता ती वेगळी. कॅनडा नाटोचा सदस्य होता, तटस्थ नव्हताच. १९६४मध्ये आयोगावरचे कॅनडाचे प्रतिनिधी सीबॉर्न अमेरिकेचे निरोप हनोईला पोचवत होते. त्याला मध्यस्थी म्हणा किंवा टपाल म्हणा.

मुंबईकरांना या सगळ्याचा एक तुकडा घरबसल्या दिसतो. घारापुरीला जाणाऱ्या लाँचमधून ट्रॉम्बेचे घुमट दिसतात. तिथली सायरस अणुभट्टी कॅनडाच्या चॉक रिव्हर इथल्या एनआरएक्स भट्टीच्या धर्तीवर, १९५६च्या करारातून आलेली. ४० मेगावॉट, जड पाणी अमेरिकेचं. जुलै १९६०मध्ये ती सुरू झाली. करारात 'शांततेसाठी' एवढंच लिहिलेलं, तपासणीची कलमं ढिली. १९७४च्या पोखरण चाचणीतलं प्लुटोनियम इथलंच. कॅनडानं अणुसहकार्य तोडलं आणि राजस्थानातल्या रावतभाट्याची दुसरी भट्टी आपण आपल्या जोरावर पुरी केली.

संध्याकाळी पायी जाण्याजोगी जागा म्हणजे सॉमरसेट स्ट्रीटवरचं डंडोनल्ड पार्क. बागेसमोर ५११ नंबरची विटांची इमारत. सोव्हिएत वकिलातीतला सांकेतिक लिपीचा कारकून इगोर गुझेंको इथे राहायचा. ५ सप्टेंबर १९४५ला तो सोव्हिएत हेरगिरीचे पुरावे असलेले १०९ कागद घेऊन निघाला. वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याचं म्हणणं कोणाला उमगेना, सरकारी कचेऱ्यांतही दाद लागेना. पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांची पहिली इच्छा हीच, की रशियाला दुखवायला नको, या प्रकरणात पडूच नये. दुसऱ्या दिवशी रात्री शेजाऱ्यांनी गुझेंको कुटुंबाला आसरा दिला आणि वकिलातीची माणसं त्याच्या घराचं दार फोडून शिरली, तेव्हा कुठे यंत्रणा हलली. स्मरणफलक बागेत आहेत. इमारतीत आजही लोक राहतात, तेव्हा फोटो बागेतूनच काढावा.