केपटाऊन: पाव कोणाला, पँट किती लांब

मंडेलांना जिथल्या तुरुंगात ठेवलं होतं त्या रॉबेन बेटाचं तिकीट केपटाऊनला पोचल्यावर काढू म्हणाल तर बहुधा हात हलवत परत याल, डिसेंबर-जानेवारीत तर नक्कीच. आधीच ऑनलाइन काढा, तेही सहलीच्या सुरुवातीच्या दिवसांतलं. वारा सुटला की बोटी रद्द होतात, मग पुढचा दिवस हाताशी असलेला बरा. बोट वॉटरफ्रंटच्या नेल्सन मंडेला गेटवेवरून सुटते. जाऊन-येऊन साडेतीन-चार तास धरा. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी घेऊनच चढावं, आणि उन्हाळ्यातही जाकीट हवंच.

पण त्याआधी डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम बघा, हा माझा आग्रह. नाहीतर वर्णभेद म्हणजे मंडेलांची कोठडी, एवढंच डोक्यात राहतं. तो तर आधी लोकांच्या घरात शिरला होता. कुठल्या वर्णाने कुठे राहायचं, ते 1950 च्या ग्रुप एरियाज कायद्याने सरकार ठरवू लागलं. 11 फेब्रुवारी 1966 ला डिस्ट्रिक्ट सिक्स ही शहरातली मिश्र वस्ती फक्त गोऱ्यांची म्हणून जाहीर झाली आणि पुढच्या काही वर्षांत 60,000 हून जास्त माणसांना उठवून शहराबाहेर, केप फ्लॅट्सच्या रेताड माळावर नेऊन टाकलं. घरांवर बुलडोझर फिरले. काही चर्च, मशिदी तेवढ्या राहिल्या. म्युझियम एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्येच आहे. जमिनीवर वस्तीचा भलामोठा नकाशा आहे, आणि आपलं घर जिथे होतं तिथे जुन्या रहिवाशांनी स्वतःच्या अक्षरात नावं लिहिली आहेत. रस्त्यांच्या खऱ्या पाट्याही टांगलेल्या दिसतील. पाडकामावरच्याच एका माणसाने त्या जपून ठेवल्या होत्या. माहिती सांगायला जुने रहिवासी असतात. वेळ आधी विचारून जा.

तिथून चालत क्वीन व्हिक्टोरिया स्ट्रीटला या. हायकोर्टाच्या इमारतीबाहेर दोन बाकं आहेत. एकावर लिहिलंय ‘फक्त गोऱ्यांसाठी’, दुसऱ्यावर ‘फक्त बिगर-गोऱ्यांसाठी’. बरेच पर्यटक न बघताच पुढे बागेत जातात. अमुक माणूस कुठल्या वर्णाचा, याच्या सुनावण्या याच इमारतीत चालायच्या. केसांत पेन्सिल खोचायची, घसरून पडली तर गोरा, अडकली तर नाही, असल्या कसोट्याही त्या काळी लावत. सख्खी भावंडं वेगवेगळ्या वर्णांत नोंदली गेली.

बेटावर आधी बसने फेरी होते, मग तुरुंग दाखवायला माजी कैदी येतो. मंडेलांच्या कोठडीपुढे फोटोसाठी रेटारेटी होते, ती होऊ द्या. तुम्ही आहाराचा तक्ता शोधा. मिश्रवर्णीय आणि आशियाई कैद्यांना पाव, जॅम. कृष्णवर्णीयांना दोन्ही नाही. कपड्यांचं तेच. 1964 मध्ये रिव्होनिया खटल्यात, म्हणजे सरकारविरुद्ध घातपाताच्या आरोपावरून चाललेल्या खटल्यात, मंडेला आणि त्यांचे सहकारी अहमद कथराडा दोघांनाही जन्मठेप झाली, पण कथराडांना भारतीय म्हणून लांब पँट आणि त्यांच्याहून 11 वर्षांनी मोठ्या मंडेलांना हाफ पँट. चहाच्या टपरीवर वेगळी कपबशी ठेवणाऱ्या देशातून आलेल्याला हा तक्ता समजावून सांगावा लागत नाही. गाइडला प्रश्न जरूर विचारा, पण फिरता फिरताच. बोटीची वेळ गाठायची म्हणून शेवटी घाई करतात.

बसमध्ये बसून टाऊनशिप, म्हणजे वर्णभेदाच्या काळात कृष्णवर्णीयांसाठी शहराबाहेर वसवलेल्या वस्त्या, ‘बघायच्या’ सहली मला पटल्या नाहीत. जायचंच असेल तर तिथेच राहणाऱ्या गाइडबरोबर पायी जा, आणि कुणाच्या दाराचा फोटो विचारल्याशिवाय काढू नका.