मुस्तफासाठी कुठला बोर्ड घ्यायचा?

आमच्या हॉलमध्ये आता एक आर्केड कॅबिनेट, म्हणजे पार्लरमध्ये असायचं तसलं व्हिडिओ गेमचं उभं खोकं, उभं आहे, 18 एमएम प्लायचं, आत ऑफिसने भंगारात काढलेला डेस्कटॉप, आणि गेले दोन महिने घरी येणारा प्रत्येक जण एकच विचारतो की ही बटणं कॉम्प्युटरला जोडली कशी. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. प्लाय कापायला सुतार मिळतो, मॉनिटर कुठलाही चालतो, पण बटण दाबलं हे कॉम्प्युटरला कळवणारा जो छोटा बोर्ड असतो ना, तो चुकला की खेळताना मजाच येत नाही.

आधी खेळणार काय ते ठरवा. माझं ठरलेलंच होतं, मुस्तफा. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा 1993 चा गेम, पण आमच्या नाशिकच्या सिडकोतल्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये रुपया घेऊन रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही ते नाव विचारा, माहीत नसणार. एक जॉयस्टिक आणि दोनच बटणं, मार आणि उडी. म्हणजे एका खेळाडूला चार दिशा, दोन बटणं, एक स्टार्ट, एक कॉइन, झाले 8. दोघांचे 16. हा 16 आकडा लक्षात ठेवा, सगळा हिशोब त्यावरच आहे.

पैसे वाचवायचे म्हणून सुरुवात जुन्या कीबोर्डपासून केली. उघडून आतला बोर्ड काढला, पण त्याच्या कडेला जे काळे कार्बनचे पट्टे असतात त्यावर सोल्डर धरतच नाही, आणि धरलं तरी साध्या कीबोर्डात बटणं आडव्या-उभ्या जाळीत जोडलेली असतात त्यामुळे ठराविक तीन एकदम दाबली की चौथं आपोआप दाबल्यासारखं होतं किंवा तिसरं लागतच नाही. दोघं जण खेळणार म्हणजे हे होणारच. दोन संध्याकाळी घालवल्या आणि सोडून दिलं.

मग झिरो डिले एन्कोडर, म्हणजे बटणं यूएसबीला जोडणारे तयार बोर्ड, घेतले, दोन. हे सगळ्यात सोपं आहे हे मी मनापासून सांगतो, वायरी तयार येतात, सोल्डरिंग नाही, यूएसबी लावली की गेमपॅड म्हणून दिसतो. एकट्याने खेळायचं असेल तर इथेच थांबा, पुढे वाचायची गरज नाही. पण दोन लावले की दोन्ही बोर्डांचं नाव कॉम्प्युटरला एकच दिसतं, त्यामुळे माझ्याकडे रीस्टार्ट केलं की कधी कधी एक नंबरची स्टिक दोन नंबरला जायची. भाचा दर वेळी म्हणायचा, मामा परत उलटं झालं.

आयपॅक नावाच्या बोर्डचा विचार केला होता. अल्टिमार्क कंपनीचा आहे, 32 इनपुट, खास याच कामासाठी बनवलेला आणि उत्तम, पण बाहेरून मागवायचा म्हणजे शिपिंग आणि कस्टम धरून माझ्या सगळ्या बटणांपेक्षा महाग पडत होता.

शेवटी घेतला आर्डुइनो प्रो मायक्रो, आपण कोड लिहून चढवायचा छोटा बोर्ड. याच्यातली एटीमेगा 32यू4 चिप स्वतःच यूएसबी बोलते, म्हणजे कॉम्प्युटरला कीबोर्ड म्हणून दिसू शकते, जे नेहमीच्या आर्डुइनो ऊनो बोर्डला सरळ जमत नाही, म्हणून दुकानात ऊनो पुढे केला तर घेऊ नका. बटणं जोडायच्या पिना 18. आपल्याला हव्यात 16. बसलं! सहा-सहा बटणांचे फायटिंग गेम खेळायचे असतील तर 24 लागतील, तेव्हा रास्पबेरी पाय पिको घ्या, त्याला 26 आहेत आणि तोही स्वस्तच.

वायरिंगला अंबड एमआयडीसीत पॅनल वायरिंग करणारा मित्र आला. बटणाखालच्या मायक्रोस्विचला तीन टोकं असतात, त्यातली कॉमन आणि एनओ (नॉर्मली ओपन, दाबल्यावरच जुळणारं) घ्यायची. सगळ्या कॉमनमधून ग्राउंडची एकच वायर लगने (टोकावर खोचायची धातूची क्लिप) फिरवली, एनओची प्रत्येक वायर वेगळ्या पिनला, आणि प्रत्येक वायरीला दोन्ही बाजूंनी नंबरचे फेरूल, म्हणजे नंबर छापलेल्या छोट्या नळ्या. मी म्हटलं 16 वायरींना कशाला एवढं, तर तो म्हणाला, "अरे, सहा महिन्यांनी उघडशील तेव्हा कळेल." सहा महिने कशाला, तिसऱ्याच दिवशी उघडावं लागलं आणि 7 नंबरचा सैल लग लगेच सापडला.

आता एक गोष्ट जी मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. मेममध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर जुने आर्केड गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, पहिल्या खेळाडूची बटणं मुळात कंट्रोल आणि ऑल्ट असतात. मुस्तफात मार आणि उडी एकदम दाबली की स्पेशल फटका बसतो. भाच्याने स्टिक खाली ओढून दोन्ही बटणं दाबली आणि अख्खी स्क्रीन उलटी, मुस्तफा डोकं खाली पाय वर! कंट्रोल, ऑल्ट आणि खालचा बाण हा आमच्या डेस्कटॉपच्या ग्राफिक्स ड्रायव्हरचा स्क्रीन फिरवायचा शॉर्टकट निघाला. मी बटणं बदलून झेड आणि एक्स केली, मेममध्ये टॅब दाबून आणि बोर्डच्या कोडमध्ये पण.

तर दुसरीच भानगड. साधा यूएसबी कीबोर्ड एका वेळी सहाच बटणं कळवतो, कंट्रोल-ऑल्टसारखी त्यात मोजत नाहीत पण झेड-एक्स मोजतात. दोघांनी तिरकं जात दोन-दोन बटणं दाबली की झाली आठ, आणि कुणाची तरी उडी गायब. त्यासाठी एचआयडी प्रोजेक्ट नावाच्या आर्डुइनो लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) एनकेआरओ, म्हणजे सहाची मर्यादा नसलेला कीबोर्ड आहे, तो वापरला की कितीही दाबा. कोडमध्ये पिनांना इनपुट पुलअप द्या (बटण न दाबता पिन ठाम राहते) आणि 5 मिलिसेकंदाचं डिबाउन्स (दाबताना होणारी थरथर दुर्लक्षित करणं), नाहीतर एका दाबात दोन ठोसे पडतात.

अजून एक, प्रो मायक्रोचं यूएसबी पोर्ट नाजूक असतं, केबलला झटका बसला की उखडून येतं. केबल लावायच्या आधीच पोर्टच्या दोन्ही बाजूंना ग्लू गनने भरून घ्या, आणि केबल आत प्लायला क्लिप मारून बांधा. झिरो डिलेचे दोन्ही बोर्ड माझ्याकडे पडून आहेत, नाशकात कुणाला एका खेळाडूचं कॅबिनेट करायचं असेल तर एक घेऊन जा, इंदिरानगरला या, आल्यावर दोन डाव खेळूनच जा.