खालचा मजला, वरचा मजला

आमच्या विज्ञानाच्या सरांना धडा संपवण्याची घाई कधीच नसे. दहावीला गुरुत्वाकर्षण शिकवताना त्यांनी सांगितले, की तळमजल्यावरचे घड्याळ वरच्या मजल्यावरच्या घड्याळापेक्षा संथ चालते. घड्याळात बिघाड नसतो. जमिनीजवळ काळच संथ सरतो.

आमचा विश्वास बसेना. सरांनी फळा पुसून गुणाकार मांडला : गुरुत्वत्वरण ९.८ गुणिले उंची, भागिले प्रकाशवेगाचा वर्ग. उंची घेतली २२.५ मीटर, कारण हार्वर्ड विद्यापीठातल्या एका मनोऱ्यात पाउंड आणि रेब्का या शास्त्रज्ञांनी तेवढ्याच उंचीवर गॅमा किरण वरखाली पाठवून हा फरक मोजला होता. त्यांचा निष्कर्ष १९६० साली प्रसिद्ध झाला. आमचे उत्तर आले : दशांश चिन्हापुढे चौदा शून्ये, मग २४५. हार्वर्डचे मोजमापही तिथेच आले होते! आइन्स्टाइनने १९०७ मध्ये निव्वळ विचाराने जे ओळखले, त्याचा ताळा आम्ही पोरांनी खडूने केला. तो आनंद अजून ताजा आहे. आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त मी हाच हिशेब शाळेच्या इमारतीला लावला. दोन मजल्यांत साडेतीन मीटर धरले, तर ५० वर्षांत फरक पडतो सुमारे ०.६ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाहूनही कमी.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, हे मला पुढे जमीन मोजणीच्या धंद्यात कळले. रोव्हर म्हणजे उपग्रहांचे संकेत किती वेळात पोहोचले यावरून जागा ठरवणारे यंत्र. बांधावर त्याची काठी उभी करायची, काठीच्या पातळीतला बुडबुडा मध्यावर आणायचा आणि स्क्रीनवर ‘फिक्स’, म्हणजे जागा पक्की, असे येईपर्यंत हलायचे नाही. दोन्ही बाजूंचे भाऊबंद श्वास रोखून बघत असतात. ज्या उपग्रहांवर हे चालते, त्यांतले जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. तिथे सरांचे सोपे सूत्र पुरत नाही, कारण त्वरणच घटत जाते. पूर्ण हिशेब केला, तर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने तिथली घड्याळे दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात आणि उपग्रहाच्या वेगामुळे ७ मागे पडतात. उरतात ३८. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून जास्त जातो, आणि आमचा वाद असतो वीतभर जमिनीचा! म्हणून ही घड्याळे उड्डाणाआधीच किंचित संथ लावून ठेवतात.

२०२२ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडोतल्या शास्त्रज्ञांनी अवघ्या एका मिलिमीटरच्या उंचीतला फरक मोजल्याचे वाचले आणि मी तडक सरांचे घर गाठले. सरांनी चष्मा लावला, वहीच्या कोऱ्या पानावर गुणाकार केला आणि विचारले, “इतक्या जवळ दोन घड्याळे ठेवली कशी?”

“सर, घड्याळ एकच होते. स्ट्रॉन्शियमच्या अणूंचा मिलिमीटरभर उंचीचा पुंजका. त्याचाच वरचा आणि खालचा भाग त्यांनी ताडून पाहिला.”

सर म्हणाले, “बस. नीट सांग. अणू धरून कसे ठेवतात, तिथपासून.”